दुरांता, कुंती आणि मिकी माऊस: गोव्याच्या अंगणात हिवाळी फळांचा रंग (दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव)

गोव्यात हिवाळ्यासाठी बाग सजवायची म्हणजे नर्सरीतून शेवंती, झेंडू, फार तर पिटुनियाच्या कुंड्या आणायच्या. फेब्रुवारीचं ऊन चढलं की त्या संपतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच खर्च. मला वर्षानुवर्षं टिकणारा रंग हवा होता, म्हणून फोंडा तालुक्यातल्या आमच्या घराच्या कुंपणालगत फळं धरणारी झुडपं लावली. त्यांचा हा दुसरा हिवाळा. आता खात्रीनं सांगता येईल इतकं पाहून झालंय.

सगळ्यात आधी दुरांता, कारण तिला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. पण घेताना नीट बघून घ्या. नर्सरीत ‘गोल्डन दुरांता’ म्हणून पोपटी-पिवळ्या पानांची जी रोपं ढिगानं मिळतात, ती कुंपणासाठी सतत कापायची जात. फळांसाठी हवी साधी हिरव्या पानांची, निळ्या फुलांची. ऑक्टोबरपासून तिच्या फांद्या फळांच्या भारानं कमानीसारख्या वाकतात. एकेक घोस टीचभर लांब, त्यात वाटाण्याएवढे नारिंगी-पिवळे मणी. हातात घेऊन पाहिलं तर कळतं, की फुलाचा हिरवा पेलाच वाढून फळाभोवती घट्ट बसलाय आणि पिवळा झालाय. टोकाला त्याची बारीक वाकडी चोच तेवढी उरते. शेंड्याला निळी फुलं आणि खाली पिकले घोस, दोन्ही एकाच फांदीवर, आणि हे जानेवारी संपेपर्यंत सहज चालतं. सकाळची तिरपी उन्हं त्यावर पडतात तेव्हा गेटवरून जाणारी माणसं थांबून नाव विचारतात.

मग इतक्या घरांत दुरांता असून फळं का दिसत नाहीत? कारण आपली दिवाळी. पावसात माजलेलं रान काढायला दसऱ्यानंतर माणूस लावला जातो, आणि तो गवताबरोबर कुंपणही सपाट करून जातो. दुरांता नव्या फुटीच्या टोकाला फुलते. पावसाळ्यात वाढलेली फूट सप्टेंबर-ऑक्टोबरात कापली की फुलं गेली, म्हणजे हिवाळ्याची फळंही गेली. आमच्याकडे येणाऱ्या दादांना मी स्पष्ट सांगून ठेवलंय, ‘तुळशीच्या लग्नाला अंगण हवं तेवढं चकचकीत करा, पण या ओळीला कात्री लावू नका.’ त्यांना ते झाड विस्कटलेलं वाटतं. वाटू दे. छाटणी मी घोस संपल्यावर, मार्चच्या सुमारास करते, आणि मग जूनच्या पावसात झाड पुन्हा भरभरून फुटतं. माझ्या मते हिवाळी फळांची अर्धी बाग या एका वेळापत्रकावर उभी आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. दुरांताची फळं माणसाला विषारी आहेत, पानंही. पक्षी ती बिनधास्त खातात, पण रांगतं मूल किंवा जे दिसेल ते चघळणारं कुत्र्याचं पिल्लू घरात असेल तर झाड अंगणात नको, लांब कुंपणाला लावा. जुन्या फांद्यांना काटेही असतात.

दुसरा क्रमांक कुंतीचा. ती आपण वासासाठी लावतो. फुलांचा बहर ओसरल्यावर तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि तिची खरी गंमत तर नंतरच असते. गर्द, तुकतुकीत पानांत लांबट लालभडक फळं लागतात. जवळून पाहिलं तर सालीवर लिंबासारखे बारीक तेलाचे ठिपके दिसतात, कारण ती लिंबाच्याच कुळातली. याच नात्यामुळे एक सावधगिरी हवी. लिंबूवर्गीय झाडांना ‘ग्रीनिंग’ रोग पसरवणारी सिला कीड कुंतीवर आनंदानं राहते. परसात लिंबू, मोसंबी किंवा तोरिंग असेल तर कुंती त्यांच्या शेजारी लावू नका. आमचं लिंबाचं झाड मागच्या विहिरीकडे आहे, म्हणून कुंती पुढे आहे. रोपं वाढवायची असतील तर बी ताजं असतानाच पेरा, ठेवलेलं बी रुजत नाही.

नर्सरीवाले ज्याला ‘मिकी माऊस’ म्हणतात ते ओक्ना हळू वाढतं, घाई असणाऱ्यांनी घेऊ नये. पण रंगाची रचना दुसऱ्या कशाला नाही. पिवळी फुलं दोन-तीन दिवसांत गळतात. मग खालची हिरवी दलं लाल होतात आणि त्यावर बसलेले हिरवे मणी पिकून काळेभोर चकाकतात. लाल-काळ्याचा हा खेळ फार दिवस टिकतो. मुळं खोल जाणारी असल्यानं एकदा लावलं की जागा बदलू नका.

बार्बाडोस चेरीही आहे. फळं सुंदर लाल, पण ती मुख्यतः पावसाळ्यात येतात आणि मुलं पिकू देत नाहीत. हिवाळी रंगासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नये. करवंदांचं तेच, पिकायला एप्रिल-मे उजाडतो. घाणेरीची काळी फळं कितीही देखणी असली तरी ती लावू नका, गुरांना विषारी आहे आणि पक्षी तिचं बी थेट रानात नेऊन टाकतात.

परदेशी फोटो पाहून होली आणि पायराकँथा मागवणाऱ्यांनाही हेच सांगणं. ती थंड मुलखातली झुडपं. होलीत नर-मादी वेगळी, फळं फक्त मादीला. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा वीसच्या आसपास असतो. शेजारच्या काकींनी ऑनलाइन मागवलेलं पायराकँथा पहिल्याच पावसाळ्यात सडलं. नाताळच्या गोठ्याला लाल फळांची डहाळी हवी असेल तर कुंतीची तोडा, छान दिसते.

आमची जमीन जांभ्याची. पहारीनं दोन-दोन फूट खड्डे काढून शेणखत आणि काजूचा कुजलेला पाला भरला. पाणी झटकन उतरतं ते या झाडांना मानवतं. शेताच्या चिकण मातीत लावायचं असेल तर आधी उंचवटा करा. डिसेंबरनंतर आठवड्यातून दोनदा पाणी आणि बुंध्याशी नारळाची सोडणं, एवढं पुरतं. दुरांतावर मधूनच पिठ्या ढेकूण दिसतो, निंबोळी तेल मारते. रासायनिक फवारे टाळते, कारण फळं पक्ष्यांच्या पोटात जातात. शिपाई बुलबुल तर सकाळभर इथेच असतात, कोकिळाही येते.

चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला कवंडळाची लाल फळं, आवळे, सुपारीचे घोस आपण किती हौसेनं बांधतो. तुळशीच्या लग्नाला दिंड्याची काठी शोधत फिरतो. फळांच्या रंगाची ओढ आपल्यात आहेच, बागेत मात्र आपण फुलांवर थांबतो, हे मला खटकतं. परसात सावलीची जागा असेल तर तो दिंडाही लावा. पावसाळ्याअखेर त्याला जांभळट-काळ्या फळांचे झुपके येतात. छोट्या अंगणात मात्र तो मावणार नाही.

येत्या जूनमध्ये पश्चिमेच्या कडेला पांढऱ्या फुलांची दुरांता लावणार आहे. तिलाही फळं पिवळीच येतात. फांदीचे तुकडे पावसात सहज रुजतात, त्यामुळे ओळखीत कुणाकडे झाड असेल तर रोप विकत घ्यायचीही गरज नाही.