३.९ मोठं की ३.१०? शेल स्क्रिप्टमध्ये व्हर्जन कशाने तपासावं

ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं. 'किमान ३.९ हवं' हे स्ट्रिंग म्हणून तपासणाऱ्या स्क्रिप्टला ते जुनं वाटणारच. स्ट्रिंगची तुलना एकेका अक्षराची असते: ३ जुळला, टिंब जुळलं, मग १ आणि ९ समोरासमोर आले आणि निकाल लागला. पुढच्या शून्याकडे कुणी बघतच नाही.

हे झालं बॅश या शेलमधल्या दुहेरी चौकटी कंसाचं, म्हणजे [[ ]] मध्ये अट लिहिली तर. एकेरी चौकटी कंसात, म्हणजे [ ] मध्ये, > लिहिलंत तर तुलनाच होत नाही, आउटपुट फाइलकडे वळतं आणि अट कायम खरी ठरते. माझ्या एका फोल्डरमध्ये '३.९' नावाची रिकामी फाइल सापडली, तेव्हा हे कळलं. अंकांची तुलना करणारं 'जीटी' (-gt, म्हणजे 'पेक्षा मोठं') पूर्णांकच घेतं. टिंब दिसलं की एरर देतं, पण इफमध्ये तो एरर 'नाही' असा धरला जातो आणि स्क्रिप्ट बिनधास्त पुढे जाते. ऑकला (awk, मजकूर हाताळणारी कमांड) विचारलं तर त्याच्या लेखी ३.१० म्हणजे ३.१, कारण तो दशांश समजतो.

मग उरतात दोन कामाचे पर्याय. जीएनयू सॉर्ट या ओळी क्रमाने लावणाऱ्या कमांडचा कॅपिटल व्ही पर्याय (-V) टिंबांमधले अंक संख्या म्हणून वाचतो. आधी हवं असलेलं, मग हाती असलेलं व्हर्जन द्या आणि जोडीला कॅपिटल सी (-C, फक्त क्रम तपासणारा पर्याय) लावा. क्रम बरोबर असेल तर एक्झिट कोड शून्य, म्हणजे उत्तर 'हो'. मात्र १.० आणि १.०.० त्याला सारखे वाटत नाहीत: किमान १.०.० मागितलं आणि हाती १.० असलं, तर नकार.

डेबियन-उबुंटूवर डीपीकेजीची (dpkg, पॅकेज बसवणारी कमांड) व्हर्जन-तुलना वाचायला जास्त सरळ: पहिलं, 'जीई' (मोठं किंवा समान), दुसरं, बस्स. पण लिनक्सच्या इतर डिस्ट्रोवर ती सहसा नसते, म्हणून बाहेर द्यायच्या स्क्रिप्टसाठी मी सॉर्टच घेतो.

आरसीच्या (रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम व्हर्जनच्या आधीची चाचणी आवृत्ती) बाबतीत दोन्ही सारखेच फसतात. '१.०-आरसी१' त्यांना १.० च्या पुढचं वाटतं. हायफनच्या जागी ~ घातलं की ते १.० च्या आधी येतं.

टिंबावर तोडून स्वतःचं लूप लिहायचा मोह होतो. १९.०८ सारखं व्हर्जन आलं की दुहेरी गोल कंसात ०८ ऑक्टल (आठच्या पायाचा अंक) समजला जातो आणि एरर येतो. प्रत्येक तुकड्याआधी १०# (दहाच्या पायाने वाच, अशी खूण) लावावं लागतं. बॅशचं स्वतःचंच व्हर्जन तपासायचं असेल, तर तुकडे ॲरेमध्ये तयार मिळतात, तिथे यातलं काहीच लागत नाही.