बॅटरी भाड्याने घ्यावी की विकत? एमजी विंडसरचा हिशेब

सप्टेंबर 2024 मध्ये एमजी विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी बाजारात आली, तेव्हा तिच्या रूपापेक्षा तिच्या किमतीचीच चर्चा अधिक झाली. 9 लाख 99 हजारांना गाडी घ्यायची आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये भरत राहायचे, अशी ती योजना होती. बॅटरीसकट गाडीची सुरुवातीची किंमत साडेतेरा लाख ठरली. पुढच्या काही महिन्यांतच ही गाडी देशातील सर्वाधिक खपाची इलेक्ट्रिक मोटार झाली. 2020 च्या जानेवारीत आलेल्या इलेक्ट्रिक नेक्सॉनच्या बळावर टाटांनी ज्या बाजाराचा सत्तर टक्क्यांहून अधिक हिस्सा एकेकाळी राखला होता, त्यात हा मोठाच फेरबदल होता. अर्थात 2024 मध्ये देशात चाळीस लाखांहून अधिक मोटारी विकल्या गेल्या आणि त्यांत इलेक्ट्रिक गाड्या जेमतेम लाखभर होत्या, हेही लक्षात ठेवायला हवे.

आम्ही पुण्यात राहतो आणि बॅटरीसकट गाडी घेतली. तिच्या जमेच्या बाजूंत मागची जागा सर्वांत वर आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांतील अंतर 2700 मिलिमीटर असल्याने पाय ऐसपैस पसरता येतात, मागच्या आसनाची पाठ 135 अंशांपर्यंत कलते आणि गुडघे दुखणाऱ्या आमच्या आईला चढउतार करताना कोणाचा हात धरावा लागत नाही. डिकी 604 लिटरची आहे. वातानुकूलनापासून दिव्यांपर्यंत बहुतेक सगळे साडेपंधरा इंची पडद्यातून चालवावे लागते. ज्यांना हाताने चाचपून बटण दाबायची सवय आहे, त्यांनी चाचणीच्या फेरीत हे नीट पाहून घ्यावे. 38 किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर 332 किलोमीटरचा पल्ला प्रमाणित आहे. घरून निघताना मी अडीचशेच गृहीत धरतो.

आता भाड्याकडे वळू. गाडी आली तेव्हाच्या दरांनी दोन किमतींतील फरक साधारण साडेतीन लाखांचा होता आणि भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. म्हणजे बरोबर एक लाख किलोमीटरनंतर भाड्यापोटी बॅटरीची पूर्ण किंमत देऊन झालेली असते, आणि भाडे मात्र पुढेही चालूच राहते. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणारा हा टप्पा सव्वाचार वर्षांच्या आतच गाठतो, तर आठशे किलोमीटर फिरणाऱ्याला दहा वर्षांहून अधिक लागतात. इलेक्ट्रिक गाडी जास्त फिरणाऱ्याला परवडते, पण भाड्याची बॅटरी मात्र कमी फिरणाऱ्याला परवडते, असा हा तिढा आहे. त्यातही बॅटरी भाड्याने देणाऱ्या वित्तसंस्थेच्या करारात दरमहा किमान अंतराची अट असू शकते. समजा ती 1500 किलोमीटरची असेल, तर गाडी वाहनतळावर उभी असली तरी 5250 रुपये भरावे लागतील, आणि मग कमी फिरणाऱ्याचाही फायदा उरत नाही. सुरुवातीला वाचलेल्या साडेतीन लाखांवरचे कर्जाचे व्याज वाचते, हे खरे. पण तो हिशेब कागदावर मांडून पाहिल्याशिवाय सही करू नये.

चालवण्याच्या खर्चाचा अंदाजही सांगतो. घरच्या विजेचा दर युनिटला दहा रुपये धरला, तर किलोमीटरला सुमारे दीड रुपया पडतो. भाडे मिळवले की पाच रुपये. याच आकाराच्या पेट्रोल गाडीचे शहरातील इंधन सात रुपयांच्या आसपास जाते. बॅटरी स्वतःची असली की बचत साडेपाच रुपयांची, भाड्याची असली की दोनच रुपयांची. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे दिलेली टोलमाफी यात धरलेली नाही; नियमित प्रवास करणाऱ्याला तीही मोठी ठरेल.

खरी कटकट गाडीबाहेर आहे. आमच्या सोसायटीत वाहनतळापर्यंत वायर ओढण्याची परवानगी मिळायला चार महिने आणि दोन सभा लागल्या. महामार्गावर प्रत्येक चार्जिंग केंद्राचे निराळे ॲप आणि निराळे पाकीट. एकदा एका केंद्रावर पैसे कापले गेले आणि चार्जिंग सुरूच झाले नाही.

गाडी पुढे विकायचा विचार असेल, तर आणखी एक कलम वाचून घ्यावे: बॅटरीची आजीवन वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला आहे. भाड्याच्या गाडीच्या बाबतीत उरलेल्या कराराचे काय होणार, हे विक्रेत्याकडून तोंडी न ऐकता लेखी मागून घ्यावे.