खंबाटकीत फियाट बंद पडली आणि चांगला पंप गेला

जुनी फियाट, ॲम्बेसिडर किंवा कार्बोरेटरवाली मारुती ८०० घेऊन उन्हाळ्यात घाट चढणाऱ्यांनी हे जरूर वाचा. भर उन्हात चढावर बंद पडलेल्या अशा गाडीला पुष्कळदा काहीच झालेलं नसतं. नेमकं यावरच काहींनी धंदा मांडलाय.

आमची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, वडिलांनी जिवापाड जपलेली. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला परतत होतो. खंबाटकी घाटात पुढे ट्रकांची रांग, गाडी फर्स्ट-सेकंडवर रखडत चाललेली. इंजिनाने आचके दिले आणि बंद. बॉनेट उघडतोय तोवर मोटरसायकलवरून एक पोरगा हजर. "काका, पंप गेला." म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणारा पंप. त्याने कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढला, मला स्टार्टर मारायला लावला. पेट्रोलचा थेंब नाही. "डायफ्राम (पंपातला पडदा) फाटलाय, बघा की." मागे हॉर्न वाजतायत, गाडीत आई घामाघूम. त्याच्या ओळखीची पिकअप आली, दोरी बांधून घाटापलीकडच्या एका शेडमध्ये नेलं. "जुन्या स्टॉकमधला ओरिजिनल" म्हणून पंप बसवला. ४,८०० रुपये रोख, बिल नाही. आमचा पंप "एक्स्चेंजमध्ये" म्हणून ठेवून घेतला. गाडी पहिल्याच स्टार्टरला सुरू.

ती सुरू होणारच होती. या गाड्यांचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. चढावर इंजिन तापलं, वारा लागला नाही, की पंपातल्या आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप नुसती वाफच ओढत बसतो, पेट्रोल वर चढत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काम होतं. शेडमध्ये गेलेल्या वेळात इंजिन आपोआप निवलं, आणि श्रेय मिळालं नव्या पंपाला.

पुढच्या आठवड्यात साताऱ्यात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी पंपावर नख घासलं. चंदेरी रंग पोपडा धरून निघाला, खाली गंज. स्क्रूंच्या खाचा पार झिजलेल्या. मग डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, ओढून माझ्या नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास! फाटका डायफ्राम होता तो या रंगवलेल्या पंपाचा. पेट्रोल झिरपून इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होतं. असं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं खातं. सगळं ऑइल ओतून टाकावं लागलं. पैशाचं सोडा, वडिलांनी वेळोवेळी दुरुस्तीचं किट टाकून चालता ठेवलेला पंप गेला, याचा मला फार संताप आहे.

तेव्हा कुणी पंप गेला म्हणालं तर आधी डिपस्टिक हुंगा आणि पंपाच्या बुडाशी पेट्रोल ठिबकतंय का पाहा. दोन्ही नसेल तर फडकं भिजवा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे डायफ्राम आणि पाइप घरूनच तपासून निघा. तरीही अडकलात तर हायवेचा १०३३ नंबर चोवीस तास चालू असतो. आणि काम करून घ्यावंच लागलं, तर काढलेला पार्ट आपल्या डिकीत पडल्याशिवाय पाकीट काढू नका.