होंडा शाइन १२५, माझी पहिली गिअरची गाडी : आठ महिने आणि ८,२०० किलोमीटरनंतर

गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ रोजी, गाडी दारात आली. त्याआधी पंधरा वर्षं मी फक्त स्कूटर चालवली होती. राहायला साताऱ्यात आणि शाळा मेढ्याच्या पलीकडे, म्हणजे रोज जाऊन-येऊन पन्नास-बावन्न किलोमीटर. माझी उंची पाच फूट एक इंच. हे सगळं आधीच सांगितलं, कारण दुसऱ्याचा अनुभव वाचताना त्याची उंची, त्याचा रस्ता आणि त्याची आधीची गाडी कळली नाही, तर त्या अनुभवाचा फारसा उपयोग होत नाही.

स्कूटर सोडली ती चाकांमुळे. जुन्या स्कूटरला दोन्हीकडे दहा इंची चाकं होती. पावसाळ्यानंतर मेढ्याच्या रस्त्यावर खड्डे पडले की ते चाक खड्ड्यात पूर्ण उतरायचं आणि तो हादरा थेट कमरेत जायचा. शाइनची चाकं अठरा इंची आहेत. तोच खड्डा, तोच वेग, पण चाक खड्ड्याच्या काठावरून निघून जातं. पहिल्या पंधरा दिवसांतच संध्याकाळची कंबरदुखी निम्म्यावर आली. नुसत्या या एका गोष्टीसाठीही मी हा बदल पुन्हा केला असता.

गाडी निवडताना घरात दोन मतं होती. भाच्याचं म्हणणं, "आत्या, एकदाच घेणार आहेस ना? मग हंटर घे. वर्षभरात १२५ चा कंटाळा येईल तुला." त्याचं चुकत नव्हतं. मी रॉयल एनफिल्डची हंटर ३५० चालवून पाहिली आणि मला ती मनापासून आवडली. रस्त्याला लागल्यावर तिचं वजन जाणवतच नाही, इतकी ती स्थिर चालते. सीटची उंची म्हणाल तर कागदावर हंटरची ७९० मिलिमीटर आणि शाइनची ७९१. शोरूममधल्या सपाट फरशीवर माझे पाय दोन्हींवर सारखेच टेकले, दोन्हीकडे चवडे पक्के. तेवढ्यावर ठरवलं असतं तर हंटरच घरी आली असती.

चाचणी संपवून आले तेव्हा गाडी लावायची जागा गटाराच्या बाजूला थोडी उताराची होती. तिथून हंटर मागे, म्हणजे चढाकडे घ्यायची होती. मी बसल्या बसल्या पायांनी रेटली, ती हलली नाही. उतरून हँडल धरून रेटली, तेव्हा वीतभर सरकली आणि पुन्हा पुढे आली. शेवटी दुकानातल्या मुलाने ओढून घेतली. हंटर १८१ किलोची, शाइन ११३ किलोची. मधला फरक ६८ किलोंचा, म्हणजे एक भरल्या अंगाचा माणूसच. नंतर त्याच जागी दुसऱ्या दुकानातली शाइन आणून रेटून पाहिली. दम लागला, पण कुणाला हाक न मारता मागे घेता आली.

माझा निर्णय तिथेच झाला. नव्या माणसाच्या हातून गाडी पडते ती बहुतेक वेळा वेगात नाही, तर उभी असताना, वळवताना, लावताना, काढताना. त्या वेळी सीटची उंची एकटी कामाला येत नाही, कारण कलणारी गाडी पायाने सावरायची तर तिचं वजन तुम्हाला झेपायला हवं. म्हणून पहिली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला सांगते, चालवून बघायच्या आधी ती ढकलून बघा. सपाटीवर नव्हे, चढावर, मागच्या बाजूला. शोरूमवाले कंटाळतील, कंटाळू द्या.

माझ्या हातून गाडी पडली ती जुलैमध्ये. शाळेच्या फाटकाशी भातलावणीच्या ट्रॅक्टरने आणलेला चिखल होता. माणूस चालतो त्या वेगात मी आत वळत होते, हँडल पूर्ण उजवीकडे वळलेलं, तेवढ्यात एक मूल समोर आलं. स्कूटरच्या सवयीने हाताचा पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी त्याच क्षणी उजवीकडे आडवी झाली. हँडल वळलेलं असताना कमी वेगात पुढचा ब्रेक दाबला की गाडी वळणाच्या आत कोसळते, हे मला शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, पण हाताला अजून माहीत नव्हतं. तिथे पायाचा ब्रेक आणि हाफ क्लच, म्हणजे अर्धवट दाबलेला क्लच, वापरायचा असतो. मला काही लागलं नाही, आरसा फिरला, लेगगार्डला ओरखडा आला.

गाडी उचलली मी एकटीने. त्याची रीत आहे, ती गाडी पडायच्या आधी शिकून ठेवावी. आधी किल्ली बंद. गाडी गिअरमध्ये असू द्यावी, म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा, नाहीतर उभी केलेली गाडी त्याच जोरात दुसऱ्या बाजूला जाते. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरायची आणि कमरेने नाही, पायांनी रेटत मागे मागे पावलं टाकायची. ११३ किलो माझ्याकडून उठले. १८१ उठले असते असं मला वाटत नाही, आणि त्या रस्त्यावर सकाळी पावणेसातला हाक मारायला कुणी नसतं.

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घेताना याकडे मी पुरेसं लक्ष दिलं नव्हतं. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं ते नव्या मॉडेलांना २०१८ च्या एप्रिलपासून आणि जुन्या मॉडेलांना २०१९ च्या एप्रिलपासून. मी गाडी घेतली तेव्हा १२५ पर्यंत सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा) चालत होतं. शाइनला सीबीएस आहे, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवशिक्याला त्याचा फायदा होतो, कारण घाबरल्यावर पाय आधी दाबला जातो. पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाक जाम होणं सीबीएस थांबवत नाही, ते काम एबीएसचं. २०२५ चा पाऊस मे महिन्यातच आला आणि माझे सरावाचे दोन महिनेही पुरे झाले नव्हते. आज पुन्हा घ्यायची असती तर हिरोची एक्स्ट्रीम १२५ आर, एबीएसवाली, नक्की ढकलून पाहिली असती. ती १३६ किलोची, सीट ७९४ ची. कदाचित झेपली असती. आता मी पावसात पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवते आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक दाबत नाही.

ताकदीबद्दल भाच्याची भीती माझ्यापुरती खरी ठरली नाही. इंजिन १२३.९४ सीसीचं, गिअर पाच. एकटी असताना मेढ्याच्या रस्त्यावर पन्नास-पंचावन्नला गाडी शांत चालते. सप्टेंबरात आईला डबलसीट घेऊन यवतेश्वरच्या घाटाने कासला फुलं बघायला गेले. चढाला तिसरा गिअर सोडून दुसऱ्यावर यावं लागलं, एसटीच्या मागे तर बराच वेळ दुसऱ्यावरच. ओव्हरटेकचा विचारही केला नाही, १२५ सीसीकडून तिथे ती अपेक्षाच नव्हती. उतरताना मात्र गिअरच्या गाडीचं खरं मोल कळलं. स्कूटरवर तो घाट उतरताना दोन्ही ब्रेक सतत धरून बोटं आखडायची. इथे तिसऱ्यावर ठेवली की इंजिनच गाडी आवरून धरतं, ब्रेक फक्त वळणाआधी. आई म्हणाली, "आज पहिल्यांदा घाटात मी डोळे मिटले नाहीत."

अ‍ॅव्हरेज टाकी फुल्ल ते फुल्ल मोजते. उन्हाळ्यात ६० ते ६२, पावसाळ्यात ५६. टाकी साडेदहा लिटरची, त्यामुळे दहा-अकरा दिवसांनी पंपावर जावं लागतं. सर्व्हिसिंग दोनदा झालं, त्यात विशेष काही नाही.

खरेदीतली एक गोष्ट खटकली. माझ्या विक्रेत्याने (नाव लिहीत नाही) बिलात 'हँडलिंग चार्जेस' म्हणून अठराशे रुपये लावले होते. कशाचे ते पावतीवर लिहून द्या म्हटल्यावर काढून टाकले. तुम्हीही लिहून मागा. ऑन-रोड मला १ लाख १० हजारांच्या आसपास पडली. पुढे २२ सप्टेंबरला ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि हीच गाडी सुमारे सात हजारांनी उतरली. वाईट वाटलं, पण पूर्ण पावसाळा मी त्या गाडीवर शाळेत वेळेवर पोचले.

लायसन्सचं विसरू नका. माझ्याकडचं विनागिअरचं होतं, ते मोटरसायकलला चालत नाही. पुन्हा लर्निंग काढलं, तीस दिवस थांबले, आठाचा आकडा काढून चाचणी दिली. ते तीस दिवस मी भावाच्या जुन्या गाडीवर पोलीस भरतीवाली मुलं पळतात त्या मैदानात घालवले, रोज पाऊण तास, नुसता हाफ क्लच.

बायकांसाठी दोन गोष्टी. अंबाडा घातला तर हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, वर तरंगतं आणि पट्टा आवळला तरी मागे सरकतं. खाली सैल वेणी घाला आणि ती घालूनच दुकानात माप घ्या. मला सगळे मध्यम देत होते, बसलं ते ५६० मिलिमीटरचं, लहान. आणि ओढणी पाठीवर गाठ मारून नव्हे, बॅगेत ठेवून चालवा. साडी मी शाळेत नेसते.

आमच्या शाळेतल्या एका बाईंना आता गाडी घ्यायची आहे. माझ्यापेक्षा दोन इंचांनी बुटक्या आहेत आणि "पाय टेकतील का?" हेच विचारत होत्या. गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांना फाटकाच्या चढावर नेलं, किल्ली माझ्याकडेच ठेवली आणि गाडी मागे ढकलायला सांगितली. तिसऱ्या प्रयत्नात ती वर गेली. या शनिवारी किल्ली देणार आहे.