दुष्काळावर पेपर लिहायचाय: स्कॉलर, जेस्टोर की शोधगंगा?

समजा एम.ए.च्या पेपरला विषय घेतलाय '१९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमी'. हाताशी तीन आठवडे आहेत. लेख शोधायचे कुठे?

बहुतेक जण आधी गूगल स्कॉलर, म्हणजे अभ्यासपूर्ण लेख शोधायचं गूगलचं साधन, उघडतात. एखादा चांगला लेख आधीच हाती असेल, तर त्याखालच्या 'साइटेड बाय'वर क्लिक करा. त्या लेखाचा आधार पुढे कोणी कोणी घेतला ते समोर येतं. या कामात स्कॉलरचा हात कोणी धरणार नाही. पण तिथली निवड यंत्र करतं. कसून तपासलेला लेख आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलमधला लेख एकाच यादीत येतात, आणि नवख्या विद्यार्थ्याला फरक कळणं अवघड जातं.

म्हणून मी जेस्टोरपासून, म्हणजे जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहापासून, सुरुवात करायला सांगेन. तिथली जर्नल्स निवडलेली आहेत आणि जुने अंकही स्कॅन केलेले आहेत. या विषयाचा खजिना म्हणजे मुंबईहून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'. दुष्काळ चालू होता तेव्हाच त्यात त्यावर लिहिलं जात होतं! फक्त शब्द विचार करून टाका. नुसतं 'ड्रॉट' टाकलंत तर बरंच निसटेल, कारण सरकारी भाषेत ती 'स्कॅर्सिटी' होती, आपली 'टंचाई'. ड्रॉट, स्कॅर्सिटी, फॅमिन हे तीन शब्द कंसात, मध्ये 'ऑर'. पुढे 'अँड महाराष्ट्र'. 'एम्प्लॉयमेंट गॅरंटी स्कीम' मात्र दुहेरी अवतरणचिन्हांत, म्हणजे शब्द सुटे सुटे शोधले जाणार नाहीत. उणीव एकच, पण मोठी: कित्येक जर्नल्सचे अगदी ताजे अंक तिथे नसतात. ती भर स्कॉलरवरून घाला.

शोधगंगेवर लेख नाहीत, पीएच.डी.चे प्रबंध आहेत, बरेचसे प्रकरणवार पीडीएफमध्ये. दर्जा कमीजास्त. पण आपल्याच जिल्ह्यावर कोणी काम केलं असेल तर ते इथेच सापडायची शक्यता जास्त. आधी शेवटची संदर्भसूची उघडा. तुम्हाला न सुचलेले अहवाल तिथे दिसतील. मराठी प्रबंध शोधताना शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही प्रकारे टाकून पाहा.

आणि पैसे मागणारं पान आलं की तिथेच थांबा, खिशात हात घालू नका. एन-लिस्ट ही कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि पुस्तकं मिळवून देणारी योजना. ग्रंथपालांना विचारा, "आपल्या कॉलेजला एन-लिस्ट आहे का? मला घरून वापरायला लॉगिन मिळेल?" कॉलेज सरकारी असेल तर १ जानेवारी २०२५पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी संस्थांना जर्नल्स मिळवून देणाऱ्या केंद्राच्या योजनेबद्दलही विचारा, त्यात सुमारे १३,००० जर्नल्स आहेत. यातलं काहीच नसेल, तर जेस्टोरवर स्वतःचं मोफत खातं काढा. महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात.