चाकाच्या नटांना पिवळे पॉइंटर की रंगाची रेघ?

उगारला एका पाहुण्यांच्या लग्नात भेटलेल्या एका नवख्या गाडीमालकानं जेवणाच्या पंगतीतच विचारलं, "दहा चाकी घेतलोय. नटांना ते पिवळे पॉइंटर बसवू काय नुसती पेंटची रेघ मारू?" पंगतीत दोन वाक्यांच्या वर बोलता आलं नाही. राहिलेलं इथं लिहितो. नवख्यांसाठी एवढंच: पॉइंटर म्हणजे नटावर बसवायचे प्लास्टिकचे बाण, रेघ म्हणजे नटापासून चाकावर ओढलेली रंगाची खूण. चाकाचा नट ढिला होऊन फिरला तर नजरेला कळावं, हेच दोघांचं काम.

माझ्याकडं दोन गाड्या आहेत. सहा चाकी बेळगावच्या मार्केटातली भाजी घेऊन जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरते आणि म्हापशाला जाते. दहा चाकी हंगामात साखर ओढते, एरवी खानापूरच्या विटा किंवा मिळेल ते भाडं. आधी काही वर्षं रेघ होती, मग दीड वर्ष पॉइंटर, आता परत रेघ. म्हणजे माझा कल तुम्हाला कळलाच. पण माझं कारण जरा वेगळं आहे. तुमच्या गाडीवर ते लागू होईलच असं नाही, म्हणून आधी ऐकून घ्या.

हातोडीवाल्यांचं एका परिच्छेदात उरकतो. आमचे वडील नटावर हातोडी मारून आवाजावरून सांगायचे. खणखणीत वाजला तर घट्ट, बद्द वाजला तर ढिला. सुटायलाच आलेला नट त्यानं कळतो, हे खरं. पण थोडासा सैल पडलेला नट मला आजवर कानानं ओळखता आला नाही. वडिलांना तरी खरंच येत होता की नाही, हे विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

आता पॉइंटर. त्याचं कौतुक आधी करतो, कारण ते खरोखर चांगलं काम करतं. शेजारच्या दोन नटांचे पॉइंटर टोकाला टोक भिडवून बसवायचे. नट जरा फिरला की टोकं एकमेकांकडं पाठ फिरवतात. चहाच्या टपरीवर बसल्याजागी, गाडीपासून दहा पावलांवरून दिसतं. रात्री बॅटरीच्या उजेडात तर रेघेपेक्षा कितीतरी सोपं. आणखी एक फायदा मला विकणाऱ्यानं सांगितला नव्हता. घाट उतरून केरीला थांबलो असताना मागच्या एका चाकाचे पॉइंटर मऊ होऊन मान टाकलेले दिसले. नट सगळे जागेवर होते, पण ब्रेकचा लाइनर ड्रमला धरून राहिला होता आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तापून भट्टी झाला होता. रेघेनं हे कधीच सांगितलं नसतं.

मग सोडले का? पंक्चर आणि आमचा क्लीनर, या दोन गोष्टींमुळं.

पंक्चर म्हटलं की नट खोलायचे, म्हणजे पॉइंटर आधी उपसायचे. रस्त्याकडेचा टायरवाला ते चिखलात टाकतो, दोन हरवतात, एखादा फुटतो. इथवर चालवून घेतलं असतं. पण नट आवळून झाल्यावर ते परत बसवायचे असतात, आणि बसवणारा माणूस ते जिकडं सुंदर दिसतील तिकडं बसवतो. नव्यानं बसवताना टोकं जुळवायलाच हवीत, त्यात चूक काही नाही. घोळ होतो तो नंतर.

एका पावसाळी पहाटे कणकुंबीला चहाला थांबलो. मागच्या डाव्या चाकाचे सगळे पॉइंटर असे ओळीत, की बघून जीव शांत व्हावा. मी निव्वळ सवयीनं पाना लावला, तर एक नट पाऊण फेरा फिरला. शेजारचा अर्धा. पॉइंटर मात्र दोन्ही नटांवर नीट, टोकाला टोक. क्लीनर पोराला विचारलं तर तो अगदी कौतुकानं म्हणाला, "निघताना दोन वाकडे दिसले मालक, मी सारखं केलो की."

पोराचं चुकलं असं म्हणवत नाही. त्याला 'वाकडं दिसलं तर सरळ कर' एवढंच शिकवलेलं. हेडलाइटची काच पुसतो, आरसा सरळ करतो, लिंबू-मिरची बदलतो, तसंच हे. पॉइंटर हातानं उपसून दुसऱ्या खाचेत बसवायला दोन सेकंद लागतात, पाना लागत नाही, खूण राहत नाही. इशारा देणारी वस्तूच इतकी सहज दुरुस्त होते, की खालचा नट तसाच राहतो. त्या दिवशी पुढं घाट होता. त्या विचारानं मी चहा अर्धा टाकला.

रेघेला हे जमत नाही. नटापासून डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी थाळीवर, आडवी ओढलेली रेघ तुटली की ती हातानं परत जुळवता येत नाही. जुळवायचीच तर नट फिरवावा लागतो, आणि ते तर आपल्याला हवंच असतं. नवी रेघ ओढून फसवता येतं, कबूल. म्हणून मी दर वेळी चाक खोलल्यावर रंग बदलतो: पांढरा, पिवळा, लाल, परत पांढरा. जुनी रेघ थिनरनं पुसायची आणि नवा रंग वहीत लिहायचा. मार्कर माझ्याकडं असतो. कोणी मधेच काही 'सारखं' केलं तर वहीशी रंग जुळत नाही.

रेघेचा वैताग म्हणजे चिखल. जांबोटीच्या पुढं पावसाळ्यात तांबडी माती चाकावर असा लेप देते, की नट कुठला आणि डिस्क कुठली तेच कळत नाही. रोज पहाटे ओलं फडकं घेऊन एकेक नट पुसायचा, तेव्हा रेघ दिसते. पहिल्या पावसाळ्यात मला याचा भयंकर कंटाळा आला होता, पॉइंटर घ्यायचं मूळ कारणच ते. आता वाटतं, फडक्याच्या निमित्तानं प्रत्येक नटावरून हात फिरतो, ते एका परीनं बरंच आहे. नटाच्या बुडातून निघालेले गंजाचे ओघळ, डिस्कच्या भोकाभोवती घासून चकाकलेली कडा, तुटलेला स्टड (नट ज्यावर आवळतो तो आट्यांचा दांडा), हे सगळं फडक्यालाच सापडतं. दहा पावलांवरून दिसणाऱ्या पॉइंटरनं मला एवढ्या जवळ जाऊच दिलं नव्हतं. अर्थात सकाळी चाळीस-पन्नास नट पुसायला ड्रायव्हर तयार नसेल, तर हा सगळा मुद्दा तिथंच संपतो.

रेघेचा दुसरा शत्रू खंडेनवमी. पूजेच्या आधी गाडी रंगवायला दिली की पेंटर डिस्क लाल आणि नट पिवळे करून देतो, रेघ त्याच्याखाली गाडली जाते. त्याहून वाईट म्हणजे गंजाचे ओघळही झाकले जातात. आणि पेंटरनं चाक खोलून डिस्कच्या मागच्या बाजूलाही जाड थर दिला असेल, तर तो थर दाबानं हळूहळू बसतो, तेवढा नटाचा ताण कमी होतो. सणानंतर आठवड्यात नट ढिले का सापडतात, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. आता पेंटरला सांगून ठेवलंय: डिस्क टेकते ती जागा आणि नटांचं तोंड कोरं ठेवायचं. मागच्या वर्षी तो हिरमुसला होता.

एक गोष्ट दोघांनाही लागू आहे आणि ती विक्रेता सांगत नाही. पॉइंटर असो वा रेघ, नट *फिरला* एवढंच दाखवतात. नट जागेवरून न हलता ताण गेलेला असू शकतो: रंग, गंज, माती बसल्यामुळं, किंवा आधी फाजील आवळल्यानं स्टड ताणला गेल्यामुळं. तो ढिलेपणा पान्याशिवाय कळत नाही. म्हणून चाक बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरच्या आत एकदा परत आवळून बघणं, हे दोन्ही पद्धतींत सारखंच चुकत नाही. आमच्या सोयीनं सांगायचं तर गोव्याच्या वाटेवर कणकुंबी, कोल्हापूरच्या वाटेवर संकेश्वर. तिथं चहा होतोच.

आवळायचं किती? कंपनीच्या पुस्तकात असेल तेवढंच. मोठ्या गाडीच्या दहा स्टडच्या चाकाला बहुधा 600 न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा थोडं वर असतं. साध्या हिशेबात, मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला साठेक किलोचा माणूस नुसता उभा राहिला तर तेवढं होतं. आपल्याकडं ऐंशी किलोचा गडी दीड मीटरच्या पाइपवर *उड्या* मारतो. त्यानं नट घट्ट होत नाही, स्टड लांबतो, आणि पाना निसटला तर दात जातात. आमच्या ड्रायव्हरचा एक असाच गेलाय. टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळता येणारा पाना, महाग वाटत असेल तर बेळगावच्या ऑटोनगरातल्या एखाद्या नीट गॅरेजवाल्याकडं निदान चाक बसवतेवेळी तो लावून घ्या. हवेच्या गननं खटाखटा मारून सोडून दिलेल्या चाकावर मी तरी घाट उतरत नाही.

तपासताना स्वतःचं बघायला विसरू नका. सपाट जागा, हँडब्रेक, चाकाला दगड, आणि रस्त्याच्या बाजूची चाकं बघायची तर गाडी खाली उतरवून उभी करून. आम्ही एवढं करतो आणि निघताना दगड तिथंच रस्त्यावर टाकून जातो, मग मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं काय व्हायचं? घाट उतरल्या उतरल्या हबला हात लावू नका, आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा. डबल टायरच्या जुन्या रिंगवाल्या डिस्कला तडा दिसला तर हवा सोडल्याशिवाय एकही नट सैल करू नका. आणि जुन्या काही गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, ढिला म्हणून आवळायला जाल आणि सोडून बसाल.

डाव्या बाजूवरून आठवलं. इंग्लंडमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, आणि तिथं निखळणाऱ्या चाकांत मागच्या डाव्या चाकांचं प्रमाण जास्त सापडलंय. माझे दोन्ही प्रसंग डावीकडचेच, त्यामुळं वेळ कमी असेल तर मी तिथून सुरुवात करतो. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात तर 1997 पासून ट्रकचं चाक निखळलं की दंड थेट 50,000 डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि 'आम्ही रोज तपासत होतो साहेब' हा बचाव चालत नाही. आपल्याकडं तसं आलं तर किती जण गाड्या विकतील कोण जाणे.

तर मग घ्यायचं काय? तुमच्या गाड्या दहा-पंधरा असतील, आवारात एक माणूस फक्त तपासणीला असेल, चाकं तोच खोलत-बसवत असेल आणि रस्ता बहुतेक हायवेच असेल, तर पॉइंटर घ्यावेत असं मलाही वाटतं. फाटकातून बाहेर पडणारी गाडी तो उभ्या उभ्या बघेल. फक्त क्लीनरला पहिल्याच दिवशी सांगा: वाकडा दिसला तर हात लावायचा नाही, मालकाला हाक मारायची.

एक-दोन गाड्या, खानापूर-जांबोटीकडचे खड्डे, महिन्याला दोन-तीन पंक्चर आणि वाटेवरचे टायरवाले, असं असेल तर रेघ जरा जास्त भरवशाची, असं माझं मत. खर्च म्हणाल तर ऑइल पेंटचा मार्कर दोन जेवणांच्या पैशात येतो. बॉलपेन किंवा खडू नको, पहिल्या पावसात जातो.

पुढच्या दोन चाकांना मी पॉइंटर ठेवलेत, कारण ती क्वचित खोलली जातात आणि घाटात धग कळते. मागून काढलेले बरेचसे चांगले पॉइंटर एका बिस्किटाच्या डब्यात पडून आहेत. लग्नात विचारणाऱ्या पाहुण्यांनी हे वाचलं तर येऊन घेऊन जावा, पैसे नकोत.