टीजीएचा डेटा, गणित कुणाचं? कोट्स-रेडफर्न, किसिंजर की केएएस

टीजीए (थर्मोग्रॅव्हिमेट्रिक अ‍ॅनालिसिस) म्हणजे नमुना तापवत त्याचं वजन कसं घटतं ते टिपणं. त्यावरून प्लॅस्टिकच्या औष्णिक विघटनाची सक्रियण ऊर्जा (विघटनासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) काढायची असेल, तर आधी विचारा: मशीनवर किती रन, म्हणजे किती वेळा तापवणं, मिळणार? पद्धत त्यावरच ठरते.

एकच रन मिळाला की हाताशी एकाच वक्रावर चालणारी कोट्स-रेडफर्न पद्धत (१९६४) उरते, आणि मोह इथंच होतो. दुपारभरात एक वक्र, एक्सेलमध्ये एक सरळ रेषा. एमएस्सीला मीही ती रेषा बघून खूश झालो होतो. या पद्धतीत विघटन कोणत्या गणिती मॉडेलनं चालतं ते आधी धरावं लागतं; मी पहिला क्रम (वेग उरलेल्या मालाच्या प्रमाणात) धरला होता. मग गंमत म्हणून त्याऐवजी अव्रामीचं ए-२ हे दुसरं मॉडेल लावलं. रेषा तितकीच सरळ, ऊर्जा मात्र निम्म्याहून कमी! खरं कोणतं, ते एकटा वक्र सांगत नाही.

किसिंजरला (१९५७) निदान तीन-चार रन हवेत. मिनिटाला ५, १०, १५, २० अंश, अशा वेगवेगळ्या तापवण्याच्या दरांनी. वजन सर्वांत झपाट्यानं घटतं ते तापमान टिपायचं. दर वाढवला की हे शिखर उजवीकडे, म्हणजे जास्त तापमानाकडे, सरकतं आणि त्या सरकण्यातूनच ऊर्जा निघते. मॉडेल निवडावं लागत नाही. दुधाच्या पिशवीच्या पॉलिथिनला एवढं पुरतं, कारण शिखर एकच. पीव्हीसीचं तसं नाही. साधारण ३०० अंशांच्या आसपास हायड्रोजन क्लोराइड सुटतो (शुद्ध पीव्हीसीच्या वजनाचा ५८ टक्के!) आणि उरलेला सांगाडा ४०० च्या वर तुटतो. किसिंजर दोन शिखरांचे दोन आकडे देईल, मधलं काहीच नाही.

मधलं हवं तर तेच रन घ्या, पण १० टक्के, २० टक्के असं प्रत्येक रूपांतराला (विघटन तेवढं झालं त्या टप्प्याला) तापमान टिपा आणि टप्प्याटप्प्याची ऊर्जा काढा. त्यासाठी ओझावा-फ्लिन-वॉल पद्धत सगळीकडे दिसते, पण ती तापमानाच्या इंटिग्रलसाठी डॉयलनं दिलेल्या ढोबळ अंदाजावर उभी आहे. केएएस (किसिंजर-अकाहिरा-सुनोसे) तेवढ्याच कष्टात जास्त अचूक आहे, त्यामुळे ओझावाचा हट्ट मला कळत नाही. फ्रीडमनच्या पद्धतीत असे अंदाज नाहीत, पण ती विघटनाच्या वेगावर चालते, म्हणून तराजूची थरथर थेट उत्तरात उतरते. मी केएएसनं काढतो, फ्रीडमननं ताडून बघतो. ऊर्जा सगळ्या टप्प्यांवर जवळपास सारखीच राहिली तर किसिंजरनंही भागलं असतं.

नमुना मात्र प्रत्येक रनला सारखाच ठेवा, ५ मिलिग्रॅम पुरे. पिशवीच्या गोल चकत्या काढून क्रुसिबलच्या तळाशी सपाट बसवा. जास्त भरलं तर वरच्या दरांना नमुना भट्टीच्या मागे पडतो, शिखर उगाच आणखी उजवीकडे जातं आणि ऊर्जा कमी येते.